दात पुढे आलेत की जबडा मागे राहिलाय?

"वरचे दात पुढे आहेत, तार लावून आत घ्या." पालक असं म्हणतात तेव्हा मुलाची अडचण दोनपैकी कोणतीही असू शकते. एकीत दोन्ही जबडे जागच्या जागी असतात, फक्त पटाशीचे दात बाहेर कललेले असतात. कायमचे दात येऊनही अंगठा चोखण्याची सवय सुटली नाही, तर असं होऊ शकतं. दुसरीत वरचे दात जवळजवळ ठीक असतात, पण खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. आरशात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यांनी १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दातांच्या ठेवणीचे वर्ग पाडले. ते आजही वापरात आहेत. पण दाढांवरून जबड्याचं पूर्ण चित्र कळत नाही. त्यासाठी डोकं स्थिर ठेवून बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफालोग्राम लागतो. त्यावर वरचा जबडा, खालचा जबडा आणि दातांचा कल असं तिन्ही वेगवेगळं मोजता येतं.

हा फरक ओळखायचा तो वेळेसाठी. दात कोणत्याही वयात हलतात. तारेच्या दाबाने मुळाच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हिरड्या आणि हाड निरोगी असतील, तर पन्नाशीतही हे होतं. जबड्याला वळण देणं मात्र वाढ चालू असेपर्यंतच शक्य असतं.

इथे पालकांची बरीच गफलत होते, म्हणून जरा थांबून सांगते. खालचा जबडा मागे असेल, तर वयात येतानाची झपाट्याची वाढ हा चांगला काळ. मुलींमध्ये ती मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी येते. तेव्हा ट्विन ब्लॉकसारखं उपकरण खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. त्याने हाड खरोखर किती जास्त वाढतं याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. सुधारणेचा मोठा वाटा दातांचा कल बदलण्यातून येतो. सात-आठव्या वर्षीच घाईने सुरू केलेल्या उपचाराचा शेवटचा निकाल बहुधा फार वेगळा लागत नाही. लवकर सुरू करण्याचा ठोस फायदा एकच: पडल्यावर पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होतो. मूल सतत धडपडत असेल, तर माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

उलट, खालचा जबडा पुढे असेल आणि वरचा मागे, तर थांबणं महागात पडतं. वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क साधारण दहाव्या वर्षाच्या आत लावला, तर जास्त उपयोगी ठरतो. म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाला, दाखवून घ्यावं. दाखवलं म्हणजे लगेच तार लागलीच असं नाही. त्या वयात वरच्या पटाशीच्या दातांमधली थोडी फट बऱ्याचदा सुळे आल्यावर आपोआप मिटते.

मोठ्या माणसांचं काय? दोष फक्त दातांचा असेल, तर तार किंवा अलायनर (दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे), दोन्ही चालू शकतात. जबड्याचा असेल, तर दोन वाटा उरतात. पहिलीत बहुतेकदा वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे घेतात. चावा सुधारतो, पण हनुवटी जिथल्या तिथे राहते. दुसरी वाट शस्त्रक्रियेची. ती वाढ पूर्ण थांबल्यावरच करतात, आणि तिच्या आधी-नंतर बहुधा तारही लागते. पारदर्शक अलायनर नुसते घालून मोठ्या माणसाचा जबडा पुढे येत नाही. दातांचे फोटो किंवा मापं पाठवून घरपोच अलायनर मिळवणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते: जबड्याचा दोष दातांनीच झाकायला गेलं आणि दात मर्यादेबाहेर ढकलले गेले, तर मुळं हाडाच्या कडेला येतात आणि हिरड्या खाली सरकतात. एकदा सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही.