पानशेतच्या पुराची आठवण किती खरी?

पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही पानशेतच्या पुराबद्दल विचारून बघा. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं नवं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही फोडली आणि मुठेचं पाणी शहरात शिरलं. सांगणारा तारखेवर थांबत नाही. आई त्या वेळी काय करत होती, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, पर्वतीकडे पळताना कडेवर कोण होतं, सगळं काल घडल्यासारखं येतं. साठ वर्षांनंतरही इतकं ठळक आठवतंय म्हणजे ते तसंच घडलं असणार, असं आपल्याला वाटतं. मानसशास्त्रज्ञांनाही काही काळ तसंच वाटत होतं. १९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हटलं. धक्क्याच्या क्षणी मेंदू जणू फोटोच काढून ठेवतो, अशी ती कल्पना.

मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांना ती पटली नव्हती. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी नायसर आणि निकोल हार्श यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचे मुख्य तपशील साफ चुकले. सगळं बरोबर सांगणारे निघाले फक्त ३. मला यातला सर्वांत विलक्षण भाग पुढचा वाटतो. आपल्या आठवणीची किती खात्री आहे, असं विचारल्यावर पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण त्यांनी स्वतःला दिले होते. पुढे त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी पुसलेली मूळ आठवण कुणालाच परत आली नाही.

असं का होतं? भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक वाढतं, अमिग्डला हा मेंदूचा भाग जागा होतो आणि शेजारच्या, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला ती घटना पक्की करायला भाग पाडतो. पण पक्का होतो तो मुख्यतः गाभा: पाणी आलं, आम्ही पळालो, घर गेलं. बारीकसारीक तपशील आपण आठवताना नव्यानं जुळवतो, आणि त्यात नंतर ऐकलेलं, वाचलेलं, फोटोत पाहिलेलं मिसळतं. शिवाय आठवण बाहेर काढली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा साठवावी लागते; त्यासाठी मेंदूला नवी प्रथिनं बनवावी लागतात. २००० मध्ये मेंदूचे अभ्यासक करीम नादेर यांनी उंदरांवर हे दाखवलं. ज्या आवाजाची भीती उंदरांना बसवली होती तो पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डलात प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं, तर ती भीतीच गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तेव्हा भीती तशीच राहिली.

मग पेठेतल्या आजोबांचं सांगणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. नायसर यांनीच १९८९ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपानंतर पुन्हा अभ्यास केला. ज्यांच्या पायाखालची जमीन प्रत्यक्ष हलली होती, त्यांना दीड वर्षानंतरही जवळजवळ सगळं बरोबर आठवत होतं. ज्यांना दूर अटलांटात नुसती बातमी कळली, त्यांच्या आठवणी मात्र ढासळल्या होत्या. त्यामुळे पाण्यातून निघालेल्या माणसाचा शब्द आणि पूर ओसरल्यावर गावाहून आलेल्याचा शब्द एका मापानं मोजू नये.

पुराच्या आठवणी रेकॉर्ड करणाऱ्या तरुणांना माझी एक कळकळीची विनंती आहे. “पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं होतं ना?” असं विचारू नका, त्या ‘ना’मुळे मजला आठवणीत शिरतो. “मग काय झालं?” एवढंच विचारा आणि थांबा. कोणतं डोळ्यांनी पाहिलं, कोणतं नंतर ऐकलं, हे शेवटी वेगळं विचारून लिहून घ्या. आणि हे या वर्षीच करा, कारण सांगणारे दर पावसाळ्यात कमी होत आहेत.