लिपस्टिकवर अंगठी घासून शिसं सापडतं का?

‘लिपस्टिक हातावर लावा, वरून सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उमटली तर आत शिसं आहे.’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, आणि स्वस्त लिपस्टिक घेताना मनात शंका येणं साहजिकच आहे.

रेघ खरंच येते, पण ती येते अंगठीमुळे. सोनं मऊ असतं, मेणकट थरावर घासलं की त्याचे बारीक कण मागे राहतात आणि काळपट दिसतात. खात्री हवी असेल तर साध्या पांढऱ्या मेणबत्तीवर अंगठी घासा. तिथेही अशी रेघ उमटू शकते. (आजीची अंगठी मात्र यासाठी नको!)

शिसं रंगद्रव्यांतून अंशमात्र येऊ शकतं. त्यासाठी भारतात मर्यादा आहे: दहा लाख भागांत 20 भाग. इतकं सूक्ष्म प्रमाण प्रयोगशाळेतच मोजता येतं.

‘जास्त टिकते म्हणजे जास्त शिसं’ हेही खोटं. टिकाऊपणा ओठांवर पातळ थर धरणाऱ्या पॉलिमरमुळे येतो.

दीडशेची असो वा दीड हजाराची, वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा. यातलं काहीच छापलेलं नसेल, तर ती लिपस्टिक फुकट मिळाली तरी मी घेणार नाही.