साधनांमधून होणारी ईश्वरी तरतूद

ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. संकटात देव माणसाचा सांभाळ करतो आणि हा सांभाळ बहुधा औषध, धान्यसाठा, पहारा, वेळेवर मिळालेली सूचना आणि दुसऱ्याचे कसब यांतून घडतो, असे ती मानते. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या प्रोटेस्टंट श्रद्धापत्रानुसार देव नेहमीच्या कारभारात साधने वापरतो. मात्र साधनांशिवाय, त्यांच्यापलीकडे आणि त्यांच्याविरुद्धही कार्य करायला तो मोकळा आहे. इस्लाममधील तवक्कुलची, म्हणजे अल्लावर भरवसा ठेवण्याची, शिकवण याच्या जवळची आहे. उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का, या प्रश्नाला तिरमिजीच्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) उत्तर आहे: आधी उंट बांध, मग भरवसा ठेव.

संकल्पनेचा गाभा सर्वांत स्पष्ट दिसतो तो बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात. कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला रोमकडे नेणारे धान्याचे जहाज वादळात सापडते. एकाचाही प्राण जाणार नाही, असे वचन देवदूताकडून पौलाला मिळते. तरीही एकही काम थांबत नाही. फळ्या निखळू नयेत म्हणून जहाजाला खालून दोर आवळलेले असतात, माल समुद्रात टाकलेला असतो. चौदाव्या रात्री बुडीद (खोली मोजण्याचा वजनदार दोर) टाकल्यावर पाणी 20 वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) भरते, थोड्या अंतरावर 15 वाव. खडकांवर आदळण्याच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर सोडतात. अशाने जहाजाचे तोंड किनाऱ्याकडे राहते आणि उजाडल्यावर ते थेट वाळूवर नेता येते. पुढचे नांगर टाकण्याच्या मिषाने खलाशी होडीतून पळू पाहतात, तेव्हा पौल शिपायांना बजावतो: हे जहाजावर राहिले नाहीत, तर तुम्ही वाचणार नाही. वचन पक्के होते, पण जहाज किनाऱ्याला लावण्याची विद्या खलाशांकडेच होती. शेवटी काही जण पोहून, काही फळ्यांवरून, असे सगळे 276 जण माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

बायबलमधील दुसरे उदाहरण: यरुशलेमचा तट बांधताना यहुदी पुढारी नहेम्यानेही प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. निम्मे लोक बांधकामावर, निम्मे भाले घेऊन उभे. माणसे तटावर दूरदूर पांगलेली असल्याने कर्णा वाजवणारा त्याच्याजवळ असे. आवाज येईल तिकडे सर्वांनी धावायचे. तट 52 दिवसांत पुरा झाला.

चूक दोन बाजूंनी होते. हाताशी असलेले साधन नाकारून चमत्काराची वाट पाहणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे. मंदिराच्या कळसावरून उडी टाकण्याची सैतानाची सूचना येशूने याच कारणाने फेटाळली. चालू औषध बंद करणे किंवा पुराची सूचना मिळूनही घर न सोडणे याच जातीचे आहे आणि त्याला श्रद्धा म्हणणे धोक्याचे आहे. उलट बाजूला यहूदाचा राजा आसा: पायांच्या दुखण्यात त्याने फक्त वैद्यांचा आधार घेतला, देवाकडे वळला नाही. वैद्य बोलावल्याबद्दल त्याला दोष नाही. संदेष्टा यशयाने तर राजा हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता.

साठवण किती करावी, हा प्रश्न अधिक अवघड. योसेफाने मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. रानातून जाणाऱ्या इस्राएली लोकांना मात्र मान्ना हे देवाने दिलेले अन्न रोज माणशी एक ओमेर (एक जुने माप) मिळे, सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा. साठवणे चूक की बरोबर हे तिथे प्रमाणावर नव्हे, मिळालेल्या आज्ञेवर ठरले.

1527 मध्ये जर्मनीतील विटेनबर्गमध्ये प्लेग असताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने याच विषयावर खुले पत्र लिहिले. देवाकडे रक्षणाची याचना करायची, मग घराला धुरी द्यायची, औषध घ्यायचे आणि द्यायचे, गरज नाही तिथे जायचे टाळायचे, हा त्याचा क्रम. धर्मसेवक, अधिकारी आणि ज्यांच्यावाचून आजाऱ्याला दुसरे कोणी नाही त्यांनी जागा सोडू नये. सेवेला पुरेसे लोक असतील तर इतरांनी शहर सोडण्यात पाप नाही, असे तो सांगतो.