कागद उभा, मॉनिटर आडवा: हे असे का झाले?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डीटीपी दुकानांत दिवसभर समोर पानेच असतात: अर्ज, खरेदीखते, लग्नपत्रिका, कानडी नोटिशीचे मराठी भाषांतर. ही पाने उभी, मॉनिटर मात्र आडवा.

सुरुवात तशी नव्हती. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या ऑल्टो संगणकाचा पडदा उभाच होता, ६०६ × ८०८ बिंदूंचा, अमेरिकन टंकलेखनाच्या कागदाएवढा. एवढ्या चित्रासाठी त्याची जवळजवळ निम्मी मेमरी खर्ची पडे, तरीही कागदाचा आकार सोडला नाही. पुढे बाजार टीव्हीच्या ४:३ काचनळीवर चालला आणि पडदे आडवे झाले. १९८९ मध्ये अ‍ॅपलने ६४० × ८७० बिंदूंचा उभा मॉनिटर काढला, मग रेडियस कंपनीने फिरणाराही आणला. दोन्ही महाग, प्रकाशन व्यवसायापुरतेच राहिले. पुढे १६:९ च्या काचा टीव्हीबरोबर स्वस्त झाल्या आणि पडद्याची उंची आणखी घटली.

२४ इंची पडदा सुमारे ५३ × ३० सेंमी असतो. लीगल कागद ३५.६ सेंमी उंच, म्हणजे आडव्या पडद्यावर मूळ आकारात मावतच नाही. उभ्यावर तोच मूळच्या १३० टक्के आकारात दाखवूनही पूर्ण दिसतो. भाषांतराला मात्र आडवाच बरा: डावीकडे कानडी, उजवीकडे मराठी, दोन ए-४ पाने मिळून ४२ सेंमी. सीमाभागात हे काम रोजचे, म्हणून दोन मॉनिटर असतील तर एकच उभा करावा.

विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधील ओरिएंटेशन पोर्ट्रेट करा. चित्र उलटे आले तर ‘फ्लिप्ड’ निवडा. अक्षरे खरखरीत दिसू लागतात, कारण क्लिअरटाइप ही विंडोजची अक्षरे गुळगुळीत दाखवणारी सोय प्रत्येक बिंदूतले लाल-हिरवे-निळे उपबिंदू शेजारी-शेजारी आहेत असे धरून चालते आणि उभ्या पडद्यात ते एकाखाली एक येतात. त्रास काना-वेलांटीच्या उभ्या रेषांना जास्त, शिरोरेषेला कमी. क्लिअरटाइप बंद करून पाहा. पडद्याच्या काचेचे प्रकार असतात: स्वस्त टीएन पॅनेल उभे केले की डावी-उजवी बाजू वेगळ्या रंगाची दिसते, म्हणून आयपीएस पॅनेलच घ्यावे.

स्टँड फिरत नसेल तर मागे १०० × १०० मिमी अंतराची भोके आहेत का ते बघून एम-४ स्क्रूने मॉनिटर धरणारा फिरता हात (मॉनिटर आर्म) बसवा. फिरवताना कोपरा मध्यापासून ३०.५ सेंमी खाली येतो, तेव्हा पडदा आधी पूर्ण वर उचला आणि केबल ढिली ठेवा.