दुसरी पदवी घेतली की पहिली रद्द होते?

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज: "बी.कॉम. झाल्यावर संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं तर पहिली पदवी रद्द होते." असं होत नाही. रीतसर मिळालेली पदवी नव्या पदवीमुळे जात नाही.

काहींचा अर्ज नाकारला जातो हे खरं, पण कारण बहुतेकदा बारावीत सापडतं. या बी.एस्सी.ला साधारणपणे बारावी विज्ञान, तीही गणित घेऊन, लागते. गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलं असेल, तर बी.कॉम.ला कितीही टक्के असले तरी ती अट भरून निघत नाही. म्हणून आधी बारावीची गुणपत्रिका काढा आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतल्या 'पात्रता' रकान्याशी शब्दन् शब्द ताडून बघा. तरी शंका राहिली, तर प्रवेश विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या; खिडकीवरचं तोंडी "चालतंय" नंतर कामाला येत नाही.

टीसी आधीच्या कॉलेजातून वेळेत काढा. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेटही लागतं. त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीला सरकारी शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही, तेव्हा पूर्ण फी धरूनच हिशोब करा.

ध्येय एम.एस्सी. असेल तर तिची पात्रता आधी पाहा. पदवीला गणित असलेल्यांना काही ठिकाणी थेट प्रवेश मिळतो, मग दुसऱ्या बी.एस्सी.ची गरजच उरत नाही.