व्होल्तेरा: पट्ट्याच्या बकलाने कोरलेला इतिहास

इटलीतल्या टस्कनी प्रांतात डोंगरमाथ्यावर वसलेलं व्होल्तेरा ओळखलं जातं ते रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या काळातल्या तटबंदीसाठी आणि अलाबास्टर या मऊ दगडाच्या कोरीवकामासाठी. गावाबाहेर झाडीत मात्र काही ओसाड इमारती उभ्या आहेत. एकेकाळी हे इटलीतल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक होतं. आता भुताखेतांच्या शोधात कॅमेरे घेऊन बरेच जण तिथे घुसतात. खरं तर तिथला कागदोपत्री इतिहासच पुरेसा अस्वस्थ करणारा आहे.

सुरुवात १८८८ सालची, सान जिरोलामो या जुन्या मठात. १९०० मध्ये लुइजी स्काबिया संचालक म्हणून आले आणि मठाचं रूपांतर वसाहतीत झालं. साखळदंड नकोत, दारं शक्य तितकी उघडी ठेवा, रुग्णांच्या हाताला काम द्या, असा त्यांचा आग्रह. शेती, बेकरी, धोबीखाना, विटांची भट्टी असं सगळं आवारातच उभं राहिलं. वसाहतीपुरतं चालणारं वेगळं चलनसुद्धा निघालं. काळाच्या मानाने हा माणूस पुढचा होता, यात शंका नाही. पण जी नाणी फाटकाबाहेर चालत नाहीत, ती कमावणारा जाणार कुठे? १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रुग्णांची संख्या साडेचार हजारांच्या पुढे गेली होती.

एवढी माणसं आली, त्यामागे १९०४ चा कायदाही होता. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या, किंवा ज्याच्यामुळे चारचौघांत शोभा होते अशा मनोरुग्णाला डांबून ठेवण्याची त्यात तरतूद होती. वर गुन्हेगारी नोंदवहीत त्याचं नाव चढायचं. मग बरा होऊन बाहेर पडला तरी डाग कायमच.

१९५८ मध्ये रोमहून ओरेस्ते फर्नांदो नानेत्ती इथे आला. सरकारी अधिकाऱ्याचा अपमान केल्याच्या आरोपातून वेडसरपणाच्या कारणावरून सुटलेला, पण सुटका मनोरुग्णालयातच झालेली. फेर्री या, खटल्यांतून आलेल्या रुग्णांना ठेवायच्या न्यायालयीन विभागाच्या अंगणात तो भिंतीच्या गिलाव्यावर कोरू लागला. हत्यार कसलं, तर रुग्णांच्या गणवेशातल्या जाकिटाच्या पट्ट्याचं बकल. तारे, यानं, दूरसंदेश, काल्पनिक नातेवाईक, टोकदार अक्षरांतला मजकूर, आणि खाली सही: एनओएफ४, म्हणजे नावाची इंग्रजी आद्याक्षरं आणि एक आकडा. स्वतःला तो अंतराळ-खाणींचा अभियंता म्हणवून घ्यायचा. अंगणातल्या बाकावर काही रुग्ण भिंतीला डोकं टेकून तासन्‌तास निश्चल बसत. त्यांना न उठवता तो त्यांच्या डोक्यांभोवतीनं कोरत गेला आणि तेवढ्या जागा कोऱ्या राहिल्या, असं सांगतात. ही भिंत सुमारे १८० मीटर भरली.

पुढे ज्या कायद्याने ही व्यवस्था मोडली, त्याचा क्रमांकही १८०, निव्वळ योगायोग. फ्रांको बझालिया या मनोविकारतज्ज्ञाने गोरित्सिया आणि त्रिएस्ते इथे केलेल्या प्रयोगांतून आणि चळवळीतून १३ मे १९७८ रोजी तो मंजूर झाला. नवी मनोरुग्णालयं उभारायला बंदी आली आणि असलेली टप्प्याटप्प्याने रिकामी करायचं ठरलं. व्होल्तेरा रिकामं व्हायला बरीच वर्षं लागली, कारण अनेकांना परत जायला घरच उरलं नव्हतं.

त्याच १९७८ मध्ये इथल्या रुग्णांनी घरी लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने बाहेर आली. ती टपालात कधी पडलीच नव्हती, रुग्णांच्या फायलींना लावून ठेवली होती. ज्या कारभाराने ती अडवली, त्याच्याच दप्तरात ती शाबूत राहिली. पोहोचली असती तर बहुधा एव्हाना घरोघरी रद्दीत गेली असती.

नानेत्ती १९९४ मध्ये वारला. आता त्याचं नाव कलाविश्वात घेतलं जातं आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आर्ट ब्रूट (कलेचं शिक्षण न घेतलेल्यांची कला) संग्रहालयाने त्याच्यावर प्रदर्शनही भरवलं. भिंतीचे काही तुकडे सोडवून जपून ठेवले आहेत. बाकीच्या भिंतीचं कठीण आहे: बकलाने कोरता येईल इतका मऊ गिलावा पावसापुढे किती टिकणार?