सलोख्याच्या महोत्सवांमागचा खान्देश

जळगाव-धुळ्याकडे सद्भावनेच्या नावाने गाण्या-नाटकांचे महोत्सव भरतात, तेव्हा भाषणांतून साने गुरुजी हमखास येतात. ते रास्तच आहे. पण या परंपरेचा माग काढायचा, तर गुरुजी अमळनेरला आले त्याच्या अर्धशतक आधीपासून सुरुवात करावी लागते.

जळगावचा श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वहनं, म्हणजे देवाच्या वाहनांच्या मिरवणुका, निघतात आणि एकादशीला रथ. या रथाला ब्रेक नाही की सुकाणू नाही. वळवायचा, थांबवायचा तो चाकाखाली लाकडी मोगरी सारून. मोगरी लावणाऱ्याचं लक्ष जरा उडालं तर अनर्थच, म्हणून ते काम मुरलेल्या हातांकडे असतं. हा रथ भिलपुऱ्यात पोचला की संत लालशाबाबांच्या समाधीपाशी थांबतो, समाधीवर फुलांची चादर चढते आणि मगच तो पुढे सरकतो. अप्पा महाराज आणि लालशाबाबा यांचा स्नेह होता, असं गावात सांगतात. ऐक्यावर भाषण नाही, सत्कार नाही. रथाच्या वाटेतला ठरलेला मुक्काम, एवढंच.

अर्थात अशा थांब्याने सगळं निभावतं असं नाही. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगावातही दंगल उसळली. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी पुढे न्या. मादन आयोगाने केली. पुढे ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून झालेली बाचाबाची चिघळत गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. सलोख्याच्या कार्यक्रमांना इथे निकड आली ती अशा दिवसांमुळे. हौसेचा भाग त्यात थोडाच.

आता गुरुजी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालय सांभाळू लागले. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढत, तेही हाताने लिहून. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगवासात त्यांची रवानगी त्रिचनापल्लीला झाली, तिथे त्यांनी तमिळ शिकायला घेतली आणि ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. कोठडीत बसून दुसऱ्या प्रांताची भाषा शिकणारा हा माणूस १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होता. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती या टिपणांतून.

‘आंतरभारती’ची कल्पना याच स्वभावातून आलेली दिसते. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती मांडली. नमुना रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा, पण रोख देशातल्या देशात पडलेल्या भिंतींवर. निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा, साहित्य, गाणी, चालीरीती शिकाव्यात, हा तिचा गाभा. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले आणि ही संस्था त्यांच्या हातून उभी राहायची राहून गेली.

ती हवा पुढे नेली राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी. वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी माणसं त्यात होती. निळू फुलेही याच मुशीतले. लोकनाट्य, पोवाडे, समूहगीतं आणि ‘भारत दर्शन’सारखे कार्यक्रम गावोगाव झाले. आजच्या महोत्सवात एकामागून एक प्रांतांची नृत्यं येतात, त्या मांडणीत मला तरी कलापथकाचीच सावली दिसते. दोन्हींत फरक मात्र मोठा आहे. कलापथकातली पोरं महिनोन् महिने एकत्र तालीम करत, एकत्र जेवत. आताची पथकं बहुधा कार्यक्रमापुरती एकत्र येतात.

खान्देशातली आणखी एक दरी कमी बोलली जाते: सपाटीवरचं गाव आणि आदिवासींचा सातपुडा यांच्यातली. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहिली तर या डोंगरातल्या परंपरेची ताकद कळते. उंचच उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. होळीत नाचणारा बुध्या होणारा नवस करून पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतो, जमिनीवर निजतो, अंघोळ करत नाही. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू.

याच बुध्याला महोत्सवाच्या मंचावर मोजकी मिनिटं मिळतात, तीही बहुतेकदा पाहुण्यांच्या स्वागतासाठी. निवेदन प्रमाण मराठीत. माईकवर पावरी किंवा भिली ही आदिवासी बोली क्वचितच ऐकू येते. गुरुजींच्या आंतरभारतीत दुसऱ्याची भाषा शिकणं आधी होतं. धुळ्या-जळगावातल्या किती आयोजकांना पावरीत चार वाक्यं बोलता येतील, हे एकदा त्यांनाच विचारून पाहावं.